बाउन्स कळवणारं दार आणि त्यातून आत शिरणारं एसएसआरएफ

वर्डप्रेसच्या ईमेल प्लगइनची सुरक्षा तपासायला बसलं की नजर आपोआप पाठवण्याच्या बाजूकडे जाते. एसएमटीपीचा (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा) पासवर्ड कुठे साठवलाय, फॉर्ममधून जादाचे हेडर घुसवता येतात का, मेलच्या साच्यात कुणी स्क्रिप्ट टाकू शकतं का, वगैरे. परत येणाऱ्या बाजूकडे, म्हणजे बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) आणि तक्रारी (मेल स्पॅम म्हणून नोंदवणं) स्वीकारणाऱ्या पत्त्याकडे, फारसं कुणी वळत नाही. सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरीला, म्हणजे एसएसआरएफला लागणारं सगळं साहित्य मात्र तिथेच जमलेलं असतं: लॉगिनशिवाय उघडा असलेला पत्ता, बाहेरून आलेली यूआरएल, आणि ती यूआरएल स्वतःहून उघडणारा कोड.

एसएसआरएफ म्हणजे तुमच्या सर्व्हरला दुसऱ्याने सांगितलेल्या ठिकाणी जायला लावणं. फायरवॉलमुळे बाहेरच्याला जिथे पोचता येत नाही, तिथे तुमचा सर्व्हर आतला असल्यामुळे सहज पोचतो. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा धोक्यांच्या यादीत हा प्रकार दहाव्या क्रमांकावर आहे, आणि सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या यादीत त्याचा क्रमांक ९१८.

उदाहरणासाठी अमेझॉनची मेल पाठवणारी सेवा एसईएस घेऊ, कारण न्यूजलेटर पाठवणारी अनेक प्लगइनं त्याला जोडता येतात. एसईएसवर बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली येतं आणि १० टक्क्यांवर गेलं तर पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं. तक्रारींची मर्यादा याहून कितीतरी कडक, ०.१ आणि ०.५ टक्के. त्यामुळे मेल परत आला की तो पत्ता यादीतून लगेच काढावा लागतो, आणि त्यासाठी प्लगइन एक वेबहूक, म्हणजे बाहेरच्या सेवेने खबर द्यायचा पत्ता, उघडतं. एसईएस बाउन्सची खबर एसएनएस या अमेझॉनच्याच सूचना पोचवणाऱ्या सेवेला देतं आणि एसएनएस ती वेबहूकवर पोस्ट करतं.

ही जोडणी सुरू होण्यापूर्वी एक ओळखपरेड होते. एसएनएस तुमच्या वेबहूकला ‘सबस्क्रिप्शन कन्फर्मेशन’ प्रकारचा संदेश पाठवतं. जेसनमधल्या त्या संदेशात टॉपिकचा (ज्या वाहिनीवरून सूचना येतात तिचा) एआरएन, म्हणजे अमेझॉनमधला तिचा एकमेव ओळखपत्ता, एक टोकन, सही, सहीचं सर्टिफिकेट जिथे आहे ती यूआरएल आणि ‘सबस्क्राइब यूआरएल’ नावाचं एक फील्ड असतं. ही यूआरएल उघडली की जोडणी पक्की झाली. अमेझॉनच्या कागदपत्रांत ही पद्धत दिलेली आहे आणि त्यात काही चूक नाही. चूक होते ती प्लगइनच्या कोडात. पोस्टचा मजकूर वाचायचा, जेसन उलगडायचं, प्रकार ‘सबस्क्रिप्शन कन्फर्मेशन’ दिसला की सबस्क्राइब यूआरएल घ्यायची आणि ‘डब्ल्यूपी रिमोट गेट’ या यूआरएल उघडणाऱ्या वर्डप्रेसच्या फंक्शनला देऊन टाकायची. जेमतेम चार ओळी, आणि चाचणीत एकदम छान चालतात.

पण तो संदेश एसएनएसनेच पाठवलाय हे कुणी तपासलं? वेबहूकचा पत्ता लॉगिनशिवाय उघडाच असणार, कारण एसएनएसला काही वर्डप्रेसचं खातं नसतं. रेस्ट मार्गाच्या ‘परमिशन कॉलबॅक’मध्ये (कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘रिटर्न ट्रू’ लिहिलेलं असतं, किंवा ॲडमिन-एजॅक्समध्ये लॉगिन नसलेल्यांसाठीचा ‘नोप्रिव्ह’ हुक लावलेला असतो. तेही ठीक. काही जण एसएनएसचा ‘संदेश प्रकार’ सांगणारा खास हेडर आलाय का एवढंच बघतात. हेडर कुणीही लावू शकतं, तो पुरावा होत नाही. एखाद्याने त्याच आकाराचा जेसन बनवून सबस्क्राइब यूआरएलच्या जागी स्वतःला हवा तो पत्ता लिहिला, की तुमचा सर्व्हर आज्ञाधारकपणे तिथे जातो.

मग तो कुठे जातो? क्लाउडवर असाल तर सगळ्यात मोलाचा पत्ता १६९.२५४.१६९.२५४. ही यंत्राची मेटाडेटा सेवा, म्हणजे यंत्राला स्वतःबद्दलची माहिती देणारी आतली सेवा. अमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या यंत्रांच्या सेवेत यंत्राला एखादी भूमिका (ठरावीक अधिकारांचा संच) जोडलेली असेल तर तिच्या तात्पुरत्या किल्ल्या इथून मिळतात, आणि जुन्या पद्धतीत त्यासाठी साधी गेट रिक्वेस्ट पुरते. यंत्र मुंबईत असो की व्हर्जिनियात, पत्ता तोच. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात हीच वाट वापरली गेली. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली, आणि पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. तिथे दार वेगळं होतं, घराची रचना मात्र हीच.

मेटाडेटा नसला तरी आत बरंच काही असतं. पोर्ट ९२०० वरचं इलास्टिकसर्च हे शोधयंत्र, फक्त आतल्या जाळ्यातूनच दिसणारी देखरेखीची पानं, राउटरची पानं. गेट रिक्वेस्टने माहिती बदलणारी जुनी अंतर्गत साधनं तर जागोजागी आहेत. प्लगइन उत्तर परत दाखवत नसेल तर लोक ‘आंधळं एसएसआरएफ आहे, किरकोळ आहे’ म्हणून ते सोडून देतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. बंद पोर्टवर उत्तर ताबडतोब येतं, फायरवॉलने गिळलेल्या रिक्वेस्टला वर्डप्रेसची नेहमीची ५ सेकंदांची मुदत संपेपर्यंत वेळ लागतो. एवढ्या फरकावरून आतला नकाशा काढता येतो. त्यात अनेक ईमेल प्लगइनांना ‘डीबग लॉग’ असतो, त्यात आलेलं संपूर्ण उत्तर लिहिलं जातं, आणि ती फाइल ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये अंदाज बांधता येईल अशा नावाने पडून असते. मग आंधळ्याला डोळे फुटायला कितीसा वेळ!

दुरुस्ती म्हटली की पहिला विचार सही तपासण्याचा येतो, आणि तो बरोबरच आहे. पण कुंपणच शेत खातं ते इथे. सही तपासायला सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटची यूआरएल त्याच संशयित संदेशात असते, आणि ती आणायला सर्व्हर पुन्हा बाहेर पडतो. म्हणजे सही तपासणारा कोडच एसएसआरएफ होऊन बसतो. म्हणून यूआरएलचा होस्ट आधी तपासायचा आणि मगच सर्टिफिकेट आणायचं. अमेझॉनची स्वतःची पीएचपी लायब्ररी हेच करते: योजना एचटीटीपीएस हवी, फाइलचं नाव ‘.पेम’ने संपायला हवं, आणि होस्ट ‘एसएनएस, टिंब, प्रदेशाचं नाव, टिंब, अमेझॉनएडब्ल्यूएस, टिंब, कॉम’ या साच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायला हवा.

‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत’ हे शब्द हलके घेऊ नका. होस्टमध्ये ‘अमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम’ कुठेतरी आहे एवढंच बघणारा कोड एस३ या अमेझॉनच्या फाइल साठवणाऱ्या सेवेतल्या बादलीलाही (‘बकेट’ला) आत सोडतो, कारण बादल्यांचे पत्तेही त्याच डोमेनखाली असतात. हल्लेखोर स्वतःच्या बादलीत स्वतःचं सर्टिफिकेट ठेवतो, त्याच्या किल्लीने सही करतो, आणि तुमची पडताळणी ‘सही खरी आहे’ म्हणते. फक्त सुरुवात तपासली तर खऱ्या होस्टच्या पुढे ‘.दुसरंच-डोमेन.कॉम’ जोडता येतं, किंवा खरा होस्ट वापरकर्तानावाच्या जागी घालून ‘@’ नंतर भलताच होस्ट लिहिता येतो. साचा लिहायच्या रेगेक्समध्ये टिंबाच्या आधी तिरपी रेघ विसरली तर टिंबाच्या जागी कोणतंही अक्षर चालतं. यातली प्रत्येक चूक एका अक्षराची आहे.

सही खरी निघाली तरी काम संपत नाही. एसएनएसचा संदेश खरा असला म्हणजे तो तुमच्या टॉपिकचा असेलच असं नाही. कुणीही स्वतःच्या अमेझॉन खात्यात टॉपिक काढून तुमचा वेबहूक त्याला जोडू शकतं, आणि त्या संदेशावर अमेझॉनची अस्सल सही असते. म्हणून सेटिंगमध्ये टॉपिकचा एआरएन आधीच लिहून घ्यायचा आणि आलेल्या एआरएनशी तंतोतंत जुळवायचा. हे केलं नाही तर एसएसआरएफ नसेल, पण खोटे बाउन्स पाठवून तुमची अर्धी यादी कुणीही पुसून टाकेल. हा त्रासही लहान नाही.

मला पटणारा मार्ग याहून साधा आहे: सबस्क्राइब यूआरएल उघडायचीच नाही. एसएनएसच्या एपीआयमध्ये ‘कन्फर्म सबस्क्रिप्शन’ ही क्रिया आहे. तिला टॉपिकचा एआरएन आणि टोकन दिलं की झालं. एआरएन आपल्याच सेटिंगमधला, प्रदेशही त्यावरूनच काढलेला, होस्ट आपण बांधलेला. बाहेरून घेतलं ते फक्त टोकन, आणि ते दोन दिवसांत बाद होतं. उघडायला परकी यूआरएलच उरली नाही, तर ती धुऊनपुसून घ्यायचा प्रश्न येत नाही. ‘अनसबस्क्राइब कन्फर्मेशन’ हा दुसरा प्रकारही विसरू नका. त्यातही सबस्क्राइब यूआरएल असते, आणि एक शाखा दुरुस्त करून दुसरी तशीच सोडलेला कोड हा या चुकीचा नेहमीचा उत्तरार्ध आहे.

परकी यूआरएल उघडण्यावाचून गत्यंतर नसतं अशा जागाही ईमेल प्लगइनमध्ये असतात. आरएसएस फीडवरून न्यूजलेटर बनवणं, दुसऱ्या ठिकाणचा साचा आयात करणं, मेलमधली चित्रं आपल्याकडे उतरवून घेणं. तिथे ‘रिमोट गेट’ऐवजी ‘सेफ रिमोट गेट’ वापरायचं. हे फंक्शन वर्डप्रेस ३.६ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, तरी प्लगइनांत जुनंच सर्रास दिसतं. दोघांत फरक असा की सेफ फंक्शन यूआरएल आधी तपासतं आणि प्रत्येक रीडायरेक्टनंतर पुन्हा तपासतं. नाव-पासवर्ड असलेली यूआरएल नाकारतं. ८०, ४४३ आणि ८०८० सोडून इतर पोर्ट नाकारतं. नावाचा आयपी काढून तो १२७, १०, ०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर नाकारतं. त्यामुळे २१३०७०६४३३ असा सलग आकडा लिहून १२७.०.०.१ गाठायची युक्ती इथे चालत नाही. प्लगइनकर्त्याने स्वतः लिहिलेल्या ‘लोकलहोस्ट हा शब्द आहे का’ छापाच्या तपासणीपुढे मात्र ती हमखास चालते.

आता या फंक्शनच्या उणिवा. वरच्या यादीत १६९.२५४ चा पट्टा नाही! वर्षानुवर्षे तो नव्हता. तुमच्या आवृत्तीत आहे का, हे ‘डब्ल्यूपी-इन्क्लुड्स’मधली ‘एचटीटीपी’ नावाची फाइल उघडून स्वतः पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी उणीव म्हणजे नावाचा आयपी काढताना ते फक्त आयपीव्ही४ बघतं, आणि पुढे प्रत्यक्ष जोडणी करणारी कर्ल ही लायब्ररी आयपीव्ही६ ने जाऊ शकते. तिसरी सगळ्यात खोल आहे. तपासताना नाव एकदा सोडवलं जातं आणि जोडताना दुसऱ्यांदा. मधल्या क्षणात डीएनएसने उत्तर बदललं तर तपासला एक पत्ता आणि गेलो दुसऱ्याच पत्त्यावर. याला डीएनएस रीबाइंडिंग म्हणतात. वर्डप्रेसच्या मूळ कोडातल्या पिंगबॅकमध्ये (दुसऱ्या साइटने दुवा दिल्याची खबर घेणाऱ्या सोयीत) नेमकं हेच सापडलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. जाहीर झालेल्या भोकांच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२२-३५९०.

यावरचा उपाय म्हणजे जो आयपी तपासला त्याच आयपीला जोडायचं. कर्लच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायात नाव, पोर्ट आणि तपासलेला आयपी देता येतो. मग कर्ल पुन्हा डीएनएसला विचारत नाही, आणि होस्टचं नाव तेच राहिल्याने सर्टिफिकेटची तपासणीही बिघडत नाही. रीडायरेक्ट आपोआप पाळणं बंद ठेवायचं आणि प्रत्येक उडीला हीच प्रक्रिया पुन्हा करायची. पीएचपी ८.४ मध्ये कर्लचा ‘प्रीरिक्वेस्ट’ कॉलबॅकही आला आहे. जोडणी झाल्यावर पण रिक्वेस्ट जाण्याआधी तो चालतो आणि प्रत्यक्ष जोडलेला आयपी हातात देतो. तिथेच नकार द्यायचा. आयपी खासगी आहे का हे ठरवायला स्वतः रेगेक्स लिहू नका. पीएचपीच्या आयपी फिल्टरला ‘खासगी नको’ आणि ‘राखीव नको’ असे दोन झेंडे आहेत. राखीवमध्ये १६९.२५४ येतो, पण १००.६४ चा सामायिक पट्टा येत नाही. अलिबाबा क्लाउडची मेटाडेटा सेवा १००.१००.१००.२०० वर, म्हणजे याच पट्ट्यात आहे. पीएचपी ८.२ पासूनचा ‘जागतिक पट्टाच हवा’ हा झेंडा दोन्ही झाकतो.

चाचणी मेल पाठवायच्या पानाबद्दल थोडक्यात. तिथे एसएमटीपीचा होस्ट आणि पोर्ट वापरकर्ता लिहितो, आणि जोडणी पीएचपीमेलर ही मेल पाठवणारी लायब्ररी स्वतः सॉकेट उघडून करते. वर सांगितलेली वर्डप्रेसची तपासणी या वाटेवर लागूच होत नाही. डीबग पातळी २ ठेवली तर समोरच्या सेवेची पहिली ओळ पडद्यावर येते, म्हणजे एसएसएचची आवृत्तीसुद्धा. एकट्या साइटवर हे पान फक्त ॲडमिनला दिसत असेल तर त्याला भोक म्हणणं मला पटत नाही, कारण तो ॲडमिन तसंही प्लगइन चढवून हवा तो कोड चालवू शकतो. मल्टिसाइटमध्ये (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट असतात तिथे) मात्र उपसाइटचा ॲडमिन आणि सर्व्हरचा मालक वेगळे असतात, तिथे हे खरंच भोक आहे. पोर्ट २५, ४६५, ५८७ आणि २५२५ एवढ्यावरच बांधायचे आणि चूक झाल्यास एकच सरधोपट संदेश दाखवायचा.

याच पानाची नेहमीची चूक म्हणजे ‘इज ॲडमिन’ या फंक्शनवर विसंबणं. नावावरून वाटतं तसं ते वापरकर्ता ॲडमिन आहे का हे सांगत नाही. पान ॲडमिनच्या बाजूचं आहे का, एवढंच सांगतं, आणि ॲडमिन-एजॅक्सची प्रत्येक रिक्वेस्ट त्या बाजूची धरली जाते. वूकॉमर्सच्या दुकानात खातं काढलेला कोणताही ग्राहक तिथून आत येतो. नॉन्स, म्हणजे रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली हे दाखवणारं टोकन, तेही अधिकार सिद्ध करत नाही. ‘करंट यूजर कॅन’ने अधिकार विचारला तरच तो विचारला.

कोड तुमचा नसेल, तुम्ही फक्त साइट सांभाळत असाल, तरी हातात बरंच आहे. ‘एचटीटीपी ब्लॉक एक्स्टर्नल’ हा स्थिरांक चालू करून परवानगी असलेल्या होस्टांची यादी दिली की वर्डप्रेसमार्गे बाहेर जाणं त्या यादीपुरतं उरतं. मात्र ‘लोकलहोस्ट’ हे नाव आणि साइटचा स्वतःचा होस्ट यांना त्यात मुळात सूट आहे, आणि थेट कर्ल किंवा ‘गझल’ (Guzzle) ही पीएचपी लायब्ररी वापरणारी प्लगइनं ही यादी जुमानत नाहीत. ‘रिजेक्ट अनसेफ यूआरएल्स’चा फिल्टर एका छोट्या मस्ट-यूज (नेहमी चालूच राहणाऱ्या) प्लगइनमधून ‘ट्रू’ केला तर जुन्या ‘रिमोट गेट’लाही सेफची तपासणी लागू होते. शोधासाठी ९२०० वर इलास्टिकसर्च जोडलेलं असेल तर ते तुटेल, हे आधी बघून घ्या.

ईसी२ वर सगळ्यात मोठा फरक पडतो तो आयएमडीएसची, म्हणजे त्या मेटाडेटा सेवेची, दुसरी आवृत्ती सक्तीची केल्याने. कॅपिटल वननंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आली. तिच्यात आधी पुट रिक्वेस्ट करून, खास हेडर देऊन टोकन मिळवावं लागतं, आणि फक्त गेट करायला लावणाऱ्या एसएसआरएफला हे जमत नाही. टोकनची मुदत जास्तीत जास्त २१,६०० सेकंद, म्हणजे सहा तास. सक्ती करण्याआधी क्लाउडवॉच या अमेझॉनच्या देखरेख सेवेमध्ये ‘मेटाडेटा नो टोकन’ हा आकडा काही दिवस शून्य आहे ना ते बघा. नसेल तर जुन्या पद्धतीवर चालणारं काहीतरी यंत्रात अजून आहे. टोकनचं उत्तर जाळ्यातल्या किती उड्या मारू शकतं याची मर्यादा (‘हॉप लिमिट’) सहसा १ असते. डॉकरच्या आतून मेटाडेटा लागत असेल तर ती २ करावी लागते, नाहीतर मेल जाणं अचानक बंद पडतं आणि कारण सापडत नाही.

आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने वेब-वापरकर्त्यापुरता (वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याच्यापुरता) १६९.२५४.१६९.२५४ अडवणंही चांगलं, पण आंधळेपणाने संपूर्ण १६९.२५४ चा पट्टा अडवू नका. अमेझॉनचा डीएनएस १६९.२५४.१६९.२५३ वर आणि घड्याळाची सेवा १६९.२५४.१६९.१२३ वर असते. आणि एसईएसला यंत्राच्या भूमिकेवरून ओळख देत असाल तर प्लगइनलाच मेटाडेटा हवा असतो. तिथे अडवायचं नाही, आवृत्ती सक्तीची करायची आणि भूमिकेला मेल पाठवण्यापलीकडे एकही अधिकार द्यायचा नाही.

चाचणी साइटच्या स्वतःच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, प्रतीवरच करा. दुसरं एखादं आपलं यंत्र घ्या, त्यावर ८०८० पोर्टवर ऐकणारा साधा सर्व्हर लावा, आणि सबस्क्राइब यूआरएलमध्ये त्याचा पत्ता घालून बनावट पुष्टी-संदेश वेबहूकला पाठवा. ऐकणाऱ्याच्या लॉगमध्ये ओळ उमटली तर दार उघडं आहे. मग तोच प्रयोग सर्टिफिकेटच्या यूआरएलने करा, मग ‘अनसबस्क्राइब कन्फर्मेशन’ने. तिन्ही वेळा लॉग कोरा राहायला हवा. पोर्ट ८०८० यासाठी की ८० आणि ४४३ सोडून दुसरा कोणताही घेतलात तर सेफ फंक्शन पोर्टवरूनच नकार देईल आणि होस्टची तपासणी नसतानाही ती आहे असं वाटेल.

उत्पादनातल्या साइटवर हे आधीच घडून गेलंय असा संशय आला, तर ॲक्सेस लॉगमध्ये वेबहूकच्या पत्त्यावर अमेझॉनबाहेरच्या आयपींवरून आलेल्या पोस्ट शोधा, आणि क्लाउडट्रेलमध्ये (अमेझॉन खात्यातल्या क्रियांच्या नोंदवहीत) यंत्राच्या भूमिकेने अनोळखी आयपीवरून केलेल्या क्रिया. तशी एक जरी सापडली तरी प्लगइन अद्ययावत करून भागत नाही, कारण चोरलेल्या तात्पुरत्या किल्ल्या मुदत संपेपर्यंत चालत राहतात. आयएएम या अमेझॉनच्या अधिकार सांभाळणाऱ्या सेवेत त्या भूमिकेची चालू सत्रं रद्द करावी लागतात. त्यानंतर एसएमटीपीचे पासवर्ड आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला. भारतातल्या संस्थेसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. अनेक यंत्रांवर वेब सर्व्हरचे लॉग दोनेक आठवड्यांतच पुसले जातात. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची ती मर्यादा आजच वाढवा आणि लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जाईल असं करा, कारण आत शिरलेला माणूस आधी तीच फाइल पुसतो.